न हलणाऱ्यांची शिरगणती

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. एरवी हे दोन शब्द मी हाताच्या सवयीने लिहून टाकतो, पण या वेळी आठही अंगं खरोखर जमिनीला लावली आहेत असं समज. (खुर्चीवर बसून लिहितोय हे खरं, पण मन पालथं पडलंय.) तुझा गुडघा कसा आहे? शिडीच्या तिसऱ्या पायरीवर करकरतो तो उजवाच, की आता डाव्यानेही साथ धरली? चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली होतीस, ती बदललीस का? खोकला? झोप? भूक? वरच्या मजल्यावरच्या बाईंशी नळावरून चाललेलं भांडण मिटलं का? सगळं सविस्तर कळव. जितकं सविस्तर लिहिशील तितकं बरं, कारण तेवढा वेळ तू मला दुसरं काही लिहिणार नाहीस. अक्षर वाकडंतिकडं आलंय ते मांडीवर कागद ठेवून लिहितोय म्हणून. मांडीवर का, ते पुढे येईल, आणि यायचं राहिलं तर फारच बरं.

तुझं घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, रमतगमत गेलं तरी सात मिनिटं. मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर आत्या, तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. तू रागावत नाहीस, ओरडत नाहीस, नुसतं "बरं" म्हणतेस, आणि ते "बरं" ऐकलं की मी फोन ठेवून मोकळा होतो. तेव्हा लिहूनच सांगतो. वाचनालयाच्या दारावर गेल्या मंगळवारी जो कागद चिकटवला गेला, की 'इमारत क्रमांक चौदा, खोली क्रमांक तीन वापराविना असल्याने महिनाअखेर बंद करण्यात येत आहे', त्या कागदाखालची सही माझी आहे. तू ओळखली असशीलच. शेवटच्या अक्षराची शेपटी एवढी लांब काढू नकोस, असं तूच मला चौथीत सांगितलं होतंस. तीस वर्षं तू ज्या खोलीचं कुलूप सकाळी उघडलंस, ती खोली रिकामी आहे असं तुझ्या सख्ख्या भाच्याने लिहून दिलं, आणि तेही तिथे पाऊल न टाकता.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. (बाजू नाहीच आहे, पण माणूस सांगायला बसला की निघते.) आमच्या इमारत विभागाकडे शहरातल्या बेचाळीस सार्वजनिक इमारती आहेत. दवाखाने, दाखल्यांची कचेरी, सभागृहं, तुझं वाचनालय, सगळं त्यात आलं. कुठली खोली किती वापरली जाते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला विचारावं तो म्हणे, आमच्याकडे तर श्वास घ्यायला जागा नाही, आणि जाऊन बघावं तर दाराला कुलूप आणि कुलपाला कोळ्याचं जाळं. लसीकरणाच्या दवाखान्यात आया तान्ही मुलं कडेवर घेऊन बोळात दोन-दोन तास उभ्या, आणि भिंतीपलीकडचं मोठं दालन अकरा वर्षं बंद, कारण त्याच्या किल्लीवर तीन खात्यांचं भांडण. तेव्हा आमच्या साहेबांनी ठरवलं की माणसांना विचारायचंच नाही, खोल्यांना विचारायचं. छताला एकेक पांढरी डबी बसवायची, आत सेन्सर, खाली हालचाल झाली की ती टिपून ठेवणार, आणि वर्षाअखेरीला कुठे गर्दी, कुठे शुकशुकाट, ते आकड्यांत समोर. आत्या, मला ही कल्पना मनापासून पटली होती, आणि खरं सांगतो, अजूनही पटते. डबीच्या आकड्यांमुळेच ते दालन उघडलं आणि आज आया तिथे बाकांवर बसतात. माझ्या हातून एवढी एक बरी गोष्ट झाली आहे, ती नीट लक्षात ठेव, कारण यापुढे या पत्रात दुसरी येणार नाही.

तुझ्याकडे डबी बसवायला मी स्वतः आलो होतो. शिडी तू धरली होतीस. तू वर बघून विचारलंस, "ही पाल काय मोजणार?" मी ऐटीत म्हणालो, "माणसं." तू म्हणालीस, "मग मला विचार की. रोज दुपारी सतरा. पोस्टमनची दाढ दुखली तर सोळा. वहीत सह्या आहेत." त्यावर मी शिडीवरून, म्हणजे तुझ्यापेक्षा सहा फूट उंचावरून, म्हणालो की आत्या, आता वहीचे दिवस गेले. (उंटावरच्या शहाण्याला निदान स्वतःचा उंट असतो. मला शिडी होती, तीही तू धरलेली.) शिवाय आकडे नीट आले की तुझ्या डुगडुगणाऱ्या खुर्च्या जाऊन नव्या येतील, असं वचनही देऊन टाकलं. तू "बरं" म्हणालीस. त्या "बरं"मध्ये काय होतं, ते इतक्या उंचावर ऐकू आलं नाही.

आता मांजराकडे येतो. डब्या लावून आठवडा झाला आणि दाखल्यांच्या कचेरीत रविवारी, दाराला कुलूप असताना, माणूस दिसायला लागला. साहेब घाबरले, पहारेकरी त्याहून घाबरला, शेवटी कळलं की खिडकीतून एक मांजर येतं आणि सगळ्या टेबलांवरून फेरफटका मारून जातं. मग मांजर आणि माणूस यांत फरक कसा करायचा, यावर बैठक बसली. (अशा बैठकांसाठीच आम्हाला ठेवलंय.) आणि तोडगा काढला मी. सलग पाच मिनिटं हालचाल दिसली तर माणूस धरायचा, त्याहून कमी असेल तर 'किरकोळ हालचाल (मांजर इ.)' असा वेगळा रकाना पाडून त्यात टाकायची. साहेब म्हणाले, वा! सगळ्यांनी माना डोलावल्या. सलग पाच मिनिटं हलत राहतो तो माणूस कचेरीत बसून करतो तरी काय, नाचतो की काय, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला त्या दिवशी स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाताना उगाचच एक थांबा आधी उतरून चालत गेलो.

याच्या पुढची गोष्ट ऐकलीस तर तू कपाळाला हात लावशील, पण सांगायलाच हवी, कारण खरी लाज तिथे आहे. मुख्य कचेरीच्या सभागृहातले दिवे साहेबांनी डबीला जोडून घेतले. वीस मिनिटं खाली काही हललं नाही की दिवे आपोआप बंद. पहिल्याच बैठकीचा विषय होता 'सभागृहाचा पुरेपूर वापर'. पडदे ओढलेले, भिंतीवर साहेबांचे तक्ते, साहेब खांबाआड उभे राहून बोलताहेत आणि आम्ही सोळा जण ऐकतोय. (ऐकतोय म्हणजे काय, ते तू ओळखशील.) कुणी हलेना. विसाव्या मिनिटाला दिवे गेले. डबीच्या मते सभागृहात कुणी नव्हतंच, आणि मनाने कोण कुठे होतं हे बघितलं तर तिचं फारसं चुकलंही नव्हतं. सगळ्यांनी हात हलवले, दिवे आले, सगळे हसले, आणि वीस मिनिटांनी पुन्हा काळोख. शेवटी साहेबांनी ते काम माझ्यावर सोपवलं आणि मी तक्ता केला, की बैठकीत कुणी कितव्या मिनिटाला हात हलवायचा. त्याला 'हस्तचालन पाळी' असं नाव दिलं. खाली सही माझी, शेपटीसकट. म्हणजे बघ आत्या, न हलणारा माणूस या डबीला दिसत नाही, हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी त्याची पाळी लावली होती. आणि त्याच आठवड्यात, त्याच पेनने, मी खोली क्रमांक तीनच्या कागदावर सही केली. तुझ्या छताला पाल लावून आलो, पण माझ्या मनात शंकेची एवढीशी पालसुद्धा चुकचुकली नाही.

सही का केली तेही ऐक. वर्षाचा अहवाल आला, तेव्हा बेचाळीस इमारतींत सर्वांत जास्त वापरली जाणारी खोली निघाली आमच्याच तळमजल्यावरची दप्तरखोली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत गर्दी, रविवारीसुद्धा खंड नाही. आता त्यातलं इंगित असं, की तिथे पंख्याखाली एक जुनं कॅलेंडर टांगलेलं आहे. पंख्याचं बटण कपाटाच्या मागे गेलंय, म्हणून पंखा बंद होत नाही, आणि पंखा बंद होत नाही म्हणून कॅलेंडर बाराही महिने फडफडत असतं. हे कुणाला माहीत नव्हतं, कारण दप्तरखोलीत कुणी जातच नाही. अहवालात आलं की या खोलीतल्या लोकांची फार गैरसोय होते आहे. झालं, बारा नव्या खुर्च्या मंजूर! खुर्च्या आल्या तर ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे दप्तरं. मग दप्तरं हलवायला एक रिकामी खोली हवी. सर्वांत रिकामी कुठली, म्हणून यादीचा तळ बघितला, तर तिथे इमारत चौदा, खोली तीन. ती तुझी खोली आहे हे मला ओळखू आलं नाही, असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, वरची खाडाखोड तीच. ओळखू आलं होतं. मी स्वतःशी म्हटलं, आकडा आहे, आकडा कशाला खोटं बोलेल, आणि आपल्याच माणसाला सूट दिली तर लोक काय म्हणतील. एवढं म्हणून मी सतरा वाचकांना उठवलं आणि एका कॅलेंडरला ऐसपैस जागा करून दिली.

तुझ्या खोलीची ओळ तू वाचलीच असशील, नोटिशीच्या खाली चिकटवली होती. 'उपस्थिती: एक. वेळ: सकाळी दहा ते दहा वाजून सहा मिनिटं. किरकोळ हालचाल (मांजर इ.): दररोज चौतीस वेळा.' दहा ते दहा-सहा तिथे काय चालतं, ते मला नंतर रस्त्यात भेटलेल्या तुझ्या पोस्टमनकडून कळलं. तू काठीला फडकं बांधून त्या डबीवरची धूळ पुसतेस. मी सांगून गेलो होतो ना, आकडे नीट यायला हवेत म्हणून. वर्षभर त्या डबीला दिसलेलं एकच माणूस म्हणजे तिला पुसणारं. 

बाकीचं समजलं ते असं. दप्तरांच्या कपाटांची मापं घ्यायला मी गेल्या गुरुवारी वाचनालयात आलो. तू गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली होतीस. (ते बघूनच आलो, आता खोटं कशाला बोलू.) दुपारचे तीन वाजले होते. दार ढकललं तर आत सतरा माणसं. एकानेही मान वर केली नाही. घड्याळजी दुकानात नाजूक चाकं बसवताना श्वास रोखतात तसेच पुस्तकावर वाकलेले. निवृत्त पोस्टमन, ज्यांचे पाय चाळीस वर्षं जमिनीला टेकले नाहीत, ते पायांना मुळं फुटल्यासारखे बसलेले. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई जेवणाच्या सुट्टीतली आठ पानं संपवत होत्या, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुली तर भिंतीवरच्या चित्रातून उतरून आल्यासारख्या. मी आत आलो तसा डबीचा लाल दिवा लागला. मी थांबलो, दिवा विझला. एक पाऊल टाकलं, लागला. थांबलो, विझला. आत्या, त्या खोलीत सतरा माणसं होती आणि डबीला मी एकटा दिसत होतो, तोही हललो तेवढाच. चौतीस भागिले दोन हे गणित मला तिथे उभ्या उभ्या सुटलं. सतरा येताना, सतरा जाताना. आकडा खोटं बोललाच नव्हता. तुझी वही आणि माझी डबी वर्षभर एकच गोष्ट सांगत होत्या, आणि मी काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो. माणसं माझ्याच कागदावर होती. मी त्यांना मांजर म्हटलं होतं.

तेवढ्यात घड्याळजींनी मान न हलवता, नुसते डोळे वर करून, कुजबुजत विचारलं, "साहेब, चौतीस मांजरांतला मी कितवा?" कुणी हसलं नाही. तुझ्या वाचनालयात हसत नाहीत, हे माझं नशीब. मी तुझी वही पुढे ओढून त्या दिवसाची अठरावी सही केली आणि बाहेर पडलो. ती तू बघितली असशील. मापं घेतली नाहीत. टेप टेबलाखाली राहिलाय, पिवळा आहे.

ही माणसं इतकी निश्चल कशी बसतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत मी तुझ्याकडे असायचो, आणि एका जागी बसणं माझ्या रक्तात नव्हतं. चुळबुळ्या हे नाव तूच ठेवलंस. पुस्तक उघडायचं आणि अंग मिटायचं, ही तुझी शिस्त. माझ्या डोक्यावर तू खोडरबर ठेवायचीस, ते पडलं की धडा पहिल्यापासून. पहिला महिना मी एकाच धड्याच्या पहिल्या पानावर काढला. (त्या पानावरची बैलगाडी मला आजही चाकांच्या आऱ्यांसकट आठवते.) आणि वर्षभराने एकदा डोक्यावर खोडरबर असल्याचं विसरून मी तसाच घरी चालत गेलो, तेव्हा आईने ते काढून माझ्या हातात दिलं. त्या खोलीत येणारा प्रत्येक जण असाच तुझ्या हाताखालून गेलाय. तू माणसांना वाचायला बसायला शिकवलंस, आणि त्याच बसण्याची मी गैरहजेरी मांडली. मला लाज वाटते, आत्या. इतकी पानं गमतीत लिहिली ती हे एक वाक्य लिहायचा धीर होत नव्हता म्हणून.

शुक्रवारी साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. साहेब विचारात पडले. त्यांच्या केबिनला खिडकी नाही आणि तिथल्या डबीची मुदत दहाच मिनिटांची. साहेब हलेनात, मी हलेना, आणि दिवे गेले. आधी हात कुणी हलवायचा हा अधिकाराचा प्रश्न होता, त्यामुळे आम्ही दोघे बराच वेळ काळोखात एकमेकांकडे बघत असल्याचा अंदाज करत बसलो. शेवटी मीच हलवला. उजेड पडल्यावर साहेब म्हणाले की मांजरांच्या रकान्यातून तुमची सतरा माणसं बाहेर काढली, तर बाकीच्या एक्केचाळीस इमारतींतली मांजरंही माणसं होऊन उभी राहतील, तेव्हा अहवाल बदलणार नाही. हवं तर फेरमोजणी घ्या. सोमवार ते शनिवार, नियम तेच, रोज दोन तास माणूस दिसला तर खोली राहील. मात्र अर्जात अहवाल चुकला असं कुठेही येता कामा नये.

घरची खुशाली अशी, की बायको आठ दिवस माझ्याशी बोललेली नाही. (लग्नाआधी तिने तुझ्या वहीत तीन वर्षं सह्या केल्या आहेत, हे मी विसरलो होतो, ती विसरलेली नव्हती.) मधे फक्त एकदा बोलली. त्याचं झालं असं, की शनिवारी कचेरीत आणखी एक यादी आली, टेबलांची. टेबलांच्या खालीही बारक्या डब्या लावल्या आहेत, ती कल्पना कुणाची हे आता विचारू नकोस. यादीत लिहिलं होतं, 'टेबल क्रमांक एक्केचाळीस: वापर नाही. किरकोळ हालचाल (मांजर इ.): दररोज चार वेळा.' एक्केचाळीस क्रमांक माझा. सकाळी येतो, जेवायला उठतो, जेवून येतो, संध्याकाळी जातो. मधला सगळा वेळ तू शिकवलंस तसा बसतो. परवा कचेरीत गेलो तर टेबलाच्या जागी फरशीवर चार पायांचे ठसे. टेबल दवाखान्यात गेलं, लसीच्या पेट्या ठेवायला. हे घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे यंत्र अगदीच वाईट नाही." तेवढंच. तेव्हापासून मी दप्तरखोलीत बसतो. बारा नव्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या आहेत, त्यातली वरची उतरवून घेतली आहे आणि मांडीवर कागद ठेवून हे लिहितोय. डोक्यावर कॅलेंडर फडफडतंय, त्यामुळे डबीच्या हिशेबी मी सध्या अतिशय कामात आहे.

गुडघ्याला शेक घेत जा. शिडीवर चढू नकोस, आणि ती डबी तर मुळीच पुसू नकोस. (नाही, पूस. का ते खाली लिहिलंय.) वाचकांना माझा नमस्कार सांग, विशेषतः घड्याळजींना.

तुझा,
चुळबुळ्या (हल्ली नावापुरता)

ता. क. या पत्रात मी काहीच मागितलं नाही असं तुला वाटलं असेल. तसं वाटावं म्हणूनच इतकं लांबवलं. मागणं असं आहे. सोमवारपासून फेरमोजणी सुरू होते आणि रोज दोन तास माणूस दिसायला हवा. तेव्हा सहा दिवस वाचकांना हलायला सांग. सोबत पाळीचा तक्ता जोडला आहे. पोस्टमननी बसल्या जागी चालल्यासारखे पाय हलवावेत, शिवणाच्या बाईंनी हवेत टाके घालावेत, घड्याळजींनी निदान मान हलवावी. सतरा जणांनी एकामागून एक सात-सात मिनिटं हलायचं, ती झाली एकशे एकोणीस, आणि सकाळची तुझी डबी पुसायची सहा. दोन तास भरून वर पाच मिनिटं उरतात. यात लबाडी काही नाही, आहेत त्यांनीच आहोत म्हणून सांगायचं आहे.

आणखी ता. क. फेरमोजणीच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. साहेबांनी बजावलं होतं ते आठवून मी बराच वेळ तो कोरा ठेवला, मग लिहिलं, 'अहवाल करणाऱ्याने दार उघडून पाहिलं नाही.' खाली सही केली. अर्ज आज सकाळीच आवक खिडकीत दिला, म्हणजे उद्या साहेबांच्या हातात पडेल. टेबल तर गेलंच आहे, आता गेली तर खुर्ची जाईल, आणि खुर्च्या माझ्याकडे बारा आहेत. त्या मी तुलाच कबूल केल्या होत्या. त्यांचं कसं करायचं ते बघतो.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तक्ता पुन्हा वाचला. तो फाडून टाक. तू त्यांना हलायला सांगणार नाहीस, आणि तू सांगू नयेस हे तक्ता आखतानाच मला कळत होतं. त्यांना वाचू दे. मी सहा दिवसांची रजा टाकली आहे. सोमवारी दुपारी दोन वाजता येईन, वहीत सही करीन आणि त्या डबीच्या बरोबर खाली बसेन. सलग दोन तास चुळबुळ करू शकेल असा माणूस तुझ्या ओळखीत एकच आहे. मोडलेली सवय आहे, म्हणून इथे कॅलेंडरखाली सराव करतोय, काल सव्वा तासापर्यंत गेलो. सोमवारपर्यंत जमेल असं वाटतं. तू रागाव, बोलू नकोस, "बरं"सुद्धा म्हणू नकोस, माझी काही तक्रार नाही. पण आत्या, तेवढे सहा दिवस मला "हलू नकोस" म्हणू नकोस.